विज्ञानाची बातमी लिहायला शिकायचे कुठे?

वाचकहो, २५ जुलै २०२० ची रात्र आपण विसरलेलो नाही. ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज पॉइंत देस्नीजवळ प्रवाळावर रुतले. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले. सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले. उसाचे पाचट कापडात भरून माहेबूर्गच्या लोकांनी तरंगते बांध केले, आणि त्यात आपलीही मुले होती.

त्या दिवसांत घरोघरी प्रश्न तेच. मासे खावेत का? या वासाने लेकरांना अपाय होईल का? कोळ्याने लगूनमध्ये पुन्हा कधी उतरावे? उत्तरे प्रयोगशाळेतून यायची होती, आणि ती घरापर्यंत आणणे हे बातमीदाराचे काम.

ऑगस्टअखेर चाळीसहून अधिक डॉल्फिन मरून किनाऱ्याला लागले. तेलानेच मेले, असे कोणी छातीठोकपणे म्हणाले. कोणी ते साफ नाकारले. जाणता बातमीदार अशा वेळी घाई करीत नाही. शवचिकित्सा कोणी केली? नमुने किती होते, कुठे तपासले? शरीरात तेलाचा अंश सापडला का? एका गोष्टीनंतर दुसरी घडली, एवढ्यावरून पहिलीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. ही नजर उपजत नसते, ती शिकून येते.

शिकण्याच्या वाटा आहेत. जागतिक विज्ञान पत्रकार महासंघाचा पाठ्यक्रम इंग्रजी, फ्रेंच व इतर भाषांत संगणकावर विनामूल्य वाचता येतो. शास्त्रीय निबंध कसा वाचावा, तज्ज्ञाला काय विचारावे, आकड्यांत फसू नये कसे, हे त्यात शिकवले आहे. २००४ साली स्थापन झालेले ‘अर्थ जर्नलिझम नेटवर्क’ पर्यावरणावर लिहिणाऱ्यांसाठी कार्यशाळा घेते आणि शोधवृत्तासाठी अनुदानही देते.

भारताचे दारही उघडे आहे. १९६४ पासून चालत आलेल्या ‘आयटेक’ योजनेत निवड झाल्यास प्रवास, शिक्षण व निवास यांचा खर्च भारत सरकार सोसते. पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयात त्याची चौकशी करावी. अनिल अग्रवाल यांनी १९८० मध्ये दिल्लीत स्थापलेल्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ची प्रशिक्षणसंस्था राजस्थानात निमली येथे आहे. अनुभवी पत्रकारांसाठी अमेरिकेत एमआयटीची नाइट शिष्यवृत्ती १९८३ पासून आहे. नियम व मुदती दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जाआधी त्या-त्या संस्थेकडे विचारून घ्यावे.

आपल्या घरात मूल हुशार निघाले की त्याला डॉक्टर करायचे, नाहीतर वकील. बातमीदार व्हायचे म्हटले की आईबाप कपाळाला हात लावतात. पण आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे. तज्ज्ञांचे अहवाल इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये येतात, आणि कोळी क्रेओलमध्ये बोलतो. या तिन्ही भाषा आपल्या पोरांच्या तोंडी लहानपणापासून आहेत. त्यांना विज्ञानाची जोड मिळाली, तर अहवालातले शब्द माहेबूर्गच्या बाजारापर्यंत पोचतील.

वादळे येतील, किनारे झिजतील, आणि जहाजे तर आपल्या दारावरून रोज जातात. पुन्हा तसा प्रसंग आला, तर नेमका प्रश्न विचारणारा कोणी आपल्या घरचाही असावा.