वाळवी घरात शिरली आहे, हे कसे ओळखावे?

वाळवी माणसाला चावत नाही आणि कोणताही रोग पसरवत नाही. मग आरोग्याच्या पानावर तिचे काय काम? आम्ही वस्तीत घरोघरी जातो तेव्हा तिच्यामुळे होणारी दोन नुकसाने दिसतात. एक, ती आपली कागदपत्रे आणि घराचे लाकूड खाते. दुसरे, तिला मारायला आणलेल्या विषाने घरातल्याच माणसांना बाधा होते. वाळवी लवकर ओळखली तर दोन्ही टळतात.

वाळवीला काही भागांत उधई म्हणतात. ती लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, कागद आणि सुती कापड खाते. तिला ओल लागते, उजेड मात्र चालत नाही. म्हणून ती वस्तू आतून पोखरते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. बाहेरून चांगली दिसणारी चौकट बोट दाबताच आत जाते, ती यामुळेच.

या खुणा पाहा

१. मातीच्या नळ्या. भिंतीवर, चौकटीच्या कडेला, कपाटामागे पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या रेघा दिसतात. वाळवी जमिनीतून याच वाटेने वर येते. नळीचा एक तुकडा मोडा. आत पांढरे किडे दिसले किंवा चार दिवसांत नळी पुन्हा सांधली गेली, तर वाळवी चालू आहे. नळी रिकामी दिसली म्हणून ती गेली असे समजू नका.

२. पोकळ आवाज. चौकट, फळी, पत्र्याखालचे वासे चमच्याच्या दांड्याने ठोकून बघा. भरीव लाकूड ठणठणीत वाजते, पोखरलेले भद्द वाजते.

३. गळालेले पंख. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाले किडे दिव्यावर येतात. सकाळी खिडकीत, दिव्याखाली पंखांचा खच पडलेला असतो. त्यांत पंखवाल्या मुंग्याही असतात. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे असतात. वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. हे पंख घराच्या आतच वारंवार सापडले तर जवळच वारूळ आहे असे धरून चाला.

४. फुगलेला रंग. लाकडाचा रंग फुगतो, दार अडकू लागते. हे ओलीनेही होते, म्हणून तिथे ठोकून खात्री करा.

५. खसखशीएवढे कोरडे दाणे. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी मातीच्या नळ्या करत नाही, असे दाणे बाहेर टाकते. पिठासारखा भुगा आणि गोल छिद्रे असतील तर ते बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे काम असते.

मोरीशेजारची भिंत, गळका नळ, माळा आणि जमिनीवर ठेवलेले खोके आधी तपासा. मीटर किंवा स्विचबोर्ड लाकडी फळीवर असेल तर नुसते डोळ्यांनी बघा, हात लावू नका.

आधी कागद वाचवा

जात पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबांच्या शाळेचा जुना दाखला वाळवीने खाल्ला तर नातवाचा प्रवेश अडतो. झोपडीच्या मोफत पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. असे कागद पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा भिंतीला टेकलेल्या पेटीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. झेरॉक्स दुसऱ्या घरी द्या, मोबाईलमध्ये फोटो काढा. दर दोन महिन्यांनी डबा उघडून बघा.

विषाची घाई नको

नळ्या झाडून टाकल्याने वाळवी मरत नाही, कारण वारूळ जमिनीत असते. रॉकेल ओतल्याने वारूळ तसेच राहते, आगीचा धोका मात्र वाढतो. आधी गळती बंद करा, लाकडी सामान विटांवर उचला, भिंत मोकळी करा.

औषध मारायचेच असेल तर माहितगार माणसाकडून मारून घ्या. चाळीत भिंत सामाईक असते, म्हणून ओळीतल्या घरांनी मिळून करा. त्या वेळी लहान मुले, गरोदर बाई आणि दम्याचे रुग्ण घरात नकोत. अन्न आणि पाणी झाकून बाहेर काढा.

लेबल नसलेले सुटे औषध घेऊ नका. डब्यावरच्या चौकोनात लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका, मूल सरबत समजून पिते.

क्लोरपायरिफॉससारख्या औषधाची बाधा झाली तर लाळ आणि घाम सुटतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास लागतो. कपडे काढा, अंग साबणाने धुवा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. डब्यावरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार लगेच ठरवता येतात.

पावसाळ्याआधी एका रविवारी घर तपासा. त्याच दिवशी विहारातले पुस्तकांचे कपाटही भिंतीपासून पुढे ओढून मागे बघून घ्या.