तत्त्वग्रंथांच्या वाचनमंडळात सामील होताना

तत्त्वज्ञानाचा ग्रंथ एकट्याने वाचावयास घेतला, की पंधरा-वीस पानांनंतर तो बाजूला ठेवला जातो, हा पुष्कळांचा अनुभव आहे. दोष सर्वस्वी वाचकाचा असतो असे नाही. गीता हा संवाद आहे, उपनिषदांचा मोठा भाग संवादरूप आहे आणि ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचे बहुतेक लेखनही तसेच आहे. असे ग्रंथ चारचौघांत बसून वाचणे म्हणजे ते त्यांच्या मूळ रीतीने वाचणे होय.

आपल्याकडे ही प्रथा नवी नाही. १९३२ साली धुळे येथील तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले व साने गुरुजींनी ते लिहून घेतले. ती प्रवचने होती, चर्चा नव्हती. परंतु आठवड्यास एकच अध्याय हा त्यांचा क्रम वाचनमंडळांनी जरूर उचलावा. चर्चेची शिस्त पाहावयाची तर अमेरिकेत शिकागो येथे १९४७ साली स्थापन झालेल्या ‘ग्रेट बुक्स फाउंडेशन’ या संस्थेची पद्धत उपयोगी पडते. ज्याने मजकूर वाचला आहे त्यानेच बोलावे. आपले म्हणणे मजकुरातूनच दाखवून द्यावे. चालकाने केवळ प्रश्न विचारावेत, उत्तरे देऊ नयेत. यांतील शेवटचा नियम आपल्याकडील व्याख्यानप्रिय मंडळींना सर्वांत जड जातो.

प्रस्तुत लेखक ज्या मंडळात सामील झाला, ते एका तालुक्याच्या ग्रंथालयात भरत असे. सभासद आठ : दोन शिक्षक, एक ग्रामसेवक, एक निवृत्त कारकून, पंचायतीच्या दोन सदस्या व आम्ही दोघे शासकीय अधिकारी. पहिल्या दोन बैठकांत आम्ही अधिकारीच बोललो. इतरांनी माना डोलावल्या. हे वाचन नव्हे, ही कचेरीच झाली, असे वाटू लागले होते.

तिसऱ्या बैठकीस सॉक्रेटिसाचे न्यायालयातील भाषण घेतले होते. इ. स. पू. ३९९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्याच्यावर खटला भरण्यात आला. त्या भाषणात तो सांगतो की, अथेन्सवर तीस जणांची जुलमी सत्ता असताना त्याला व आणखी चौघांना सॅलमिसच्या लिऑन यास वधासाठी पकडून आणण्याचा हुकूम झाला. चौघे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला. यावर पंचायतीच्या एका सदस्येने विचारले, “घरी गेला हे ठीक, पण लिऑनला सावध का केले नाही?”

त्या प्रश्नाने बैठकीचा नूर पालटला. एक शिक्षक म्हणाले, हुकूम न पाळणे एवढेच त्याच्या हाती होते. ग्रामसेवक म्हणाले, “साहेब, उरलेले चौघे आपल्यासारखेच असतील; त्यांनाही घरदार होते.” त्यांनी हे माझ्याकडे पाहून म्हटले. मजकडे उत्तर नव्हते. चुकीच्या वाटणाऱ्या आदेशावर सही करून नंतर टिपण ठेवणे, एवढेच धाडस मी सेवेत केले होते आणि तेही एकदाच.

पुढच्या बैठकीत ‘क्रायटो’ हा छोटा संवाद आला आणि पेच वाढला. येथे मित्र पळून जाण्याची सर्व व्यवस्था करतो. परंतु सॉक्रेटिस कायद्याचा निर्णय मोडण्यास नकार देतो. सत्तेचा हुकूम धुडकावणारा आणि अन्याय्य शिक्षा स्वीकारणारा माणूस एकच कसा? कोणी म्हणाले, एका वेळी दुसऱ्यावर अन्याय करावयाचा होता, दुसऱ्या वेळी स्वतः सोसावयाचा होता. कोणास हे पटले, कोणास नाही.

अशा मंडळात सामील होण्यास पदवीची आवश्यकता नाही. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपालांना विचारावे; मंडळ नसल्यास पाच-सहा सभासद जमवून त्यांच्याकडे एका खोलीची व ग्रंथाच्या प्रतींची मागणी करावी. आरंभास छोटा ग्रंथ घ्यावा. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ थोर खरे, परंतु नव्या मंडळाने त्यापासून आरंभ केल्यास पावसाळ्यापर्यंत निम्मे सभासद उरतात. बैठक दीड-दोन तासांची पुरे. खुर्च्या वर्तुळात मांडाव्यात आणि अधिकाऱ्याने पहिल्या अर्ध्या तासात बोलू नये. आमच्या मंडळाने हा नियम चौथ्या बैठकीनंतर केला. तो सुचविला होता त्याच सदस्येने.