अळिंबीच्या खोलीला हवा कशी खेळती ठेवायची? पंखा घेण्याआधी हे गणित करा

धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, घरच्या घरी करायची म्हटलं की सगळे बियाणं कुठं मिळतं ते विचारतात. खोलीतली हवा बाहेर कशी जाणार, हे कुणीच विचारत नाही. आणि पहिला माल हातचा जातो तो तिथंच.

माझंही तेच झालं. तेरमधल्या एका जुन्या खोलीत सोयाबीनच्या गुळीचे बेड लावले, ओलावा टिकावा म्हणून खिडक्या प्लास्टिकनं बंद केल्या. अळिंबी आली, पण दांडे लांबलचक आणि छत्री बटणाएवढी. असला माल कोण घेणार? मला वाटलं बियाणं खराब. दोष बियाण्याचा नव्हता, माझ्या बंद खोलीचा होता.

कारण काय?
अळिंबी आपल्यासारखीच श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. पहिले 15 ते 20 दिवस बेडमध्ये पांढरी बुरशी पसरते, तेव्हा हा वायू साठला तरी चालतो. पण पिनहेड दिसायला लागले की ताजी हवा पाहिजेच. हा वायू 1000 पीपीएमच्या आत ठेवायचा. वाढला की दांडा लांबतो, छत्री उमलत नाही.

पंखा किती मोठा?
समजा खोली 10 बाय 15 फूट, उंची 10 फूट. म्हणजे 1500 घनफूट हवा. फळं येताना ती तासाला साधारण 6 वेळा बदलायची. 1500 गुणिले 6 म्हणजे 9000, भागिले 60 मिनिटं, म्हणजे 150 सीएफएम. जाळी आणि झडपेमुळं पंख्याची ताकद कमी होते, म्हणून दीडपट धरा : 225 सीएफएम. खोक्यावर आकडा घनमीटर प्रति तास असा असेल तर साधारण 380 बघा. दुकानात 450 चाच पंखा मिळाला तर टायमर लावा, 15 मिनिटं चालू, 15 मिनिटं बंद.

हवा आत कुठून येणार?
नुसता पंखा लावून उपयोग नाही. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा फक्त आवाज करतो. एका भिंतीला खाली झडप, समोरच्या भिंतीला वर एक्झॉस्ट, म्हणजे हवा तिरकी सगळ्या रॅकमधून जाते. 9 इंची पंख्याला 12 बाय 12 इंचाची झडप ठेवा. तिला बारीक जाळी लावा, नाहीतर माश्या येतात. हवेचा झोत थेट बेडवर नको, पिनहेड वाळतात.

आपल्या भागाची अडचण
ऑयस्टरला 20 ते 30 अंश तापमान आणि 80 ते 85 टक्के ओलावा लागतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी पंखा लावला तर बाहेरची गरम, कोरडी हवाच आत ओढली जाते. पंखा हवा बदलतो, थंड करत नाही! म्हणून झडपेवर कूलरचं ओलं पॅड लावा, आणि उन्हाळ्यात जास्त हवा रात्री आणि पहाटे बदला. पावसाळ्यात पॅडचा फारसा फायदा नाही, गरजही नाही. नवख्यांनी एप्रिल-मे टाळून सुरुवात करावी, हे माझं स्पष्ट मत.

लाइट गेली तर? जुनी माळवदाची घरं आठवा. जाड मातीची भिंत आणि छताला धूर जायचा झरोका. गरम हवा वर चढून आपोआप बाहेर जायची. खाली एक, वर एक अशी उघडझाप करता येणारी तोंडं ठेवलीत तर दोन-चार तास निभतं.

या तीन गोष्टी विसरू नका
1. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडणी करा. नंतर बीजाणू उडतात, खोकला आणि ॲलर्जी होते. आत जाताना मास्क लावाच.
2. एक्झॉस्टचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडं नको.
3. खोली कायम ओली असते. आरसीसीबी बसवल्याशिवाय वायरिंग नको.

प्रशिक्षण घ्यायचं असेल तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करा.

आधी टेप घेऊन खोली मोजा, मग दुकानात जा. आणि पहिल्यांदा 20-25 च बेड लावा. दांडे लांब दिसले तर बियाणंवाल्याला फोन करण्याआधी खिडकी उघडून बघा!