धुराडे, धूरनळ आणि अस्तर
वऱ्हाडातील जुन्या घरांच्या धुराड्यांची पुनर्बांधणी आणि तिची परिभाषा

एखाद्या वस्तूच्या दुरुस्तीचा विचार करावयाचा तर त्या वस्तूच्या अवयवांना नावे असावी लागतात. बैलगाडीचे चाक घेतले तर आरे, धाव, तुंबा असे त्याचे अवयव शेतकरी वेगवेगळे सांगतो, आणि म्हणूनच सुतारास नेमके काय बदलावयाचे ते कळते. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या धुराड्यांची स्थिती अशी नाही. तेथे धूर जाण्याचे छिद्र, त्याखालची पोकळी, पोकळीभोवतीची भिंत आणि छतावर दिसणारा भाग या सर्वांस 'धुराडे' हा एकच शब्द लावला जातो. परिणामी धुराडे दुरुस्त करावयाचे म्हणजे त्याचा दिसणारा भाग लिंपावयाचा, असा अर्थ घरमालक आणि गवंडी दोघेही घेतात, व ज्या आतील भागावर घराची सुरक्षितता अवलंबून आहे तो तसाच राहतो. प्रस्तुत लेखात धुराड्याचे कार्य, त्याच्या ऱ्हासाची कारणे व पुनर्बांधणीची रीत यांचे विवेचन करून, या कामास उपयोगी पडतील असे शब्द बोलीतूनच कसे मिळू शकतात हे दाखविण्याचा विचार आहे.

१. शब्दांची पाहणी

मराठी स्वयंपाकघराची अग्निविषयक शब्दसंपत्ती मोठी आहे. चूल, वैल, विस्तव, निखारा, इंगळ, फुफाटा, कोलीत, फुंकणी हे शब्द पाहिले म्हणजे अग्नीच्या प्रत्येक अवस्थेस आणि साधनास भाषेने स्वतंत्र नाव दिल्याचे ध्यानात येते. त्या मानाने धुराच्या वाटेसंबंधीचे शब्द थोडे आहेत. धाब्याच्या घरांच्या मुलखात छताला ठेवलेल्या छिद्रास 'सानं' म्हणतात. त्यातून उजेड आत येतो आणि धूर बाहेर जातो. भिंतीत किंवा छतात मुद्दाम धुरासाठी ठेवलेली वाट म्हणजे 'धुराडे', वऱ्हाडी उच्चारात 'धुराडं'. दोन्ही शब्दांतून बोध होतो तो एका जागेचा. धूर वर ओढून नेणाऱ्या उभ्या नळाची कल्पना त्यांत अभिप्रेत नाही.

तिसरा शब्द 'चिमणी' हा होय. ग्रीक 'कामिनोस' (भट्टी), त्यावरून लॅटिन 'कामिनुस', पुढे फ्रेंच 'शमिने' आणि त्यावरून इंग्रजी 'चिम्नी' असा त्याचा प्रवास आहे. मराठीत आल्यावर या परक्या शब्दाने ओळखीच्या पक्ष्याच्या नावाचे रूप धारण केले. वऱ्हाडीत 'ण'चा 'न' होत असल्यामुळे पक्षीही 'चिमनी' आणि ही वस्तूही 'चिमनी'. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली आणि त्यानंतरच्या दशकांत वऱ्हाडात कापसाचे जिनिंग व प्रेसिंग कारखाने वाढले. वाफेच्या बॉयलरांसाठी उभारलेल्या विटांच्या उंच चिमण्या हे वऱ्हाडच्या गावांचे एक लक्षणच होऊन बसले. याच शब्दाने कंदिलाची काच आणि घासलेटाचा लहान दिवा हे अर्थही घेतले. अलीकडे त्यास आणखी एक अर्थ चिकटला आहे: गॅसच्या शेगडीवर बसविण्याचे विजेचे धूरशोषक यंत्र. आज दुकानात 'चिमणी' मागितली तर बहुधा हे यंत्रच पुढे येते. एवढे अर्थ वाहणारा शब्द बांधकामाच्या सूचनेत नेमकेपणाने वापरणे कठीण आहे, हे उघड आहे.

२. धुराड्याचे कार्य

धूर वर जातो याचे कारण तो हलका असतो, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु धुराडे किती जोराने धूर नेईल हे दोन गोष्टींवर ठरते: त्याची उंची, आणि आतील व बाहेरील हवेच्या तापमानांतील अंतर. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असता तिच्या एका घनमीटरचे वजन सुमारे १.१६ किलोग्रॅम भरते. नळातील वायू १५० अंशांवर असेल तर तेच वजन सुमारे ०.८३ किलोग्रॅम होते. ५ मीटर उंचीच्या नळात या फरकामुळे निर्माण होणारा दाब पाण्याच्या सुमारे १.६ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. दाब अल्प आहे खरा, पण चुलीचा धूर नेण्यास तो पुरतो. लोकभाषेत यास 'ओढ' म्हणतात: 'धुराडं ओढत नाई' अशी तक्रार ऐकू येते ती या दाबाविषयीच असते.

या हिशेबातून वऱ्हाडच्या हवामानासंबंधी दोन अनुमाने निघतात. अकोल्यास उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बाहेरची हवा इतकी तापली की वरील नळाची ओढ सुमारे एक-षष्ठांशाने घटते. दुसरे असे की, जाड मातीच्या भिंतींचे घर दुपारी बाहेरच्यापेक्षा थंड असते. अशा वेळी विझलेल्या चुलीवरील नळातली हवा बाहेरच्यापेक्षा जड असते व ती खाली उतरत असते. चूल पेटविताच पहिला धूर घरात कोंदतो. हा धुराड्याचा दोष नव्हे. पेटवणाची एक जुडी नळाच्या तोंडाशी जाळून नळ प्रथम तापविला म्हणजे ओढ सुरू होते.

मात्र नळातील वायू वाटेत थंड होत असेल तर तो दोष बांधकामाचा आहे. वरील उदाहरणात नळातील सरासरी तापमान १५० वरून ८० अंशांवर आले तर ओढ बरोबर निम्म्यावर येते. भेगांतून शिरणारी हवा नेमके हेच करते.

३. ऱ्हासाची कारणे

वऱ्हाडात जुने धुराडे खचण्यास तीन कारणे मुख्यतः घडतात. पहिले जमिनीचे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. विटांचे धुराडे जड व त्याचा पाया बहुधा उथळ. शेजारची मातीची भिंत जितकी खचते तितकेच धुराडे खचेल असे नसते. दोहोंच्या सांध्यात पडलेली भेग बाहेरून गिलाव्याने बुजते, आतून मात्र उघडी राहते.

दुसरे कारण सरपणाचे. कापसाच्या वेचण्या संपल्या की पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या हेच येथील घराघरांतील सरपण असते, जोडीला गोवऱ्या. ओलसर पऱ्हाट्या धुमसत जळतात. त्यांच्या धुरातील न जळलेले अंश सुमारे १२० अंशांखालच्या पृष्ठभागावर साकळतात आणि डांबरासारखा चिकट थर धरतात. हा थर आम्ल असतो, म्हणून चुन्याचे सांधे खातो; आणि तो ज्वालाग्राही असतो, म्हणून एखाद्या दिवशी जोराचा जाळ झाला की स्वतःच पेट घेतो. अशा वेळी भेगेपलीकडे लाकडी तुळई किंवा कडीपाट असेल तर आग छतात शिरते. कोरडी, भुसभुशीत काजळी आणि हा चकचकीत डांबरी थर यांत घरमालकाने भेद केला पाहिजे. पहिली झाडून निघते, दुसरा निघत नाही.

तिसरे कारण दुरुस्तीचेच आहे. चुना-मातीच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा चढविला म्हणजे आतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. जुने सांधे ओलाव्याने मऊ पडतात आणि वरून भक्कम दिसणारे धुराडे आतून पोकळ होते.

४. अस्तराचे प्रयोजन

वरील तिन्ही कारणांवर उपाय म्हणून नळाच्या आत एक स्वतंत्र थर असावा लागतो. उष्णता, आम्ल आणि वायू यांपासून बाहेरच्या भिंतीस वेगळे ठेवणे हे त्याचे काम. इंग्लंडमध्ये पूर्वी नळ आतून चुन्यात शेण कालवून लिंपीत असत. आपल्याकडील शेणमातीच्या लिंपणाशी ही रीत जुळणारी आहे. परंतु लिंपण भिंतीस चिकटलेले असल्यामुळे भिंत भेगाळली की तेही भेगाळते. इंग्लंड व वेल्सच्या १९६५ च्या बांधकाम-नियमांनी नव्या घरांच्या नळांत सुटे अस्तर आवश्यक ठरविले ते यासाठीच.

हे तत्त्व वऱ्हाडास अगदी अपरिचित म्हणावे असे नाही. कारखान्यांच्या विटांच्या चिमण्या बांधताना खालच्या भागात अग्निरोधक विटांची आतली भिंत वेगळी उभारावी आणि दोहोंत हवेची फट ठेवावी, हा अभियांत्रिकीतील रूढ नियम आहे. त्यामुळे आतली भिंत तापून वाढली तरी बाहेरची तडकत नाही. घरगुती धुराड्यांत मात्र ही कल्पना उतरली नाही. निर्धूर चुलींच्या प्रयोगांनी ती अंशतः आणली. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून मगन चूल पुढे आली, हैदराबादेत एस. पी. राजू यांनी तयार केलेल्या धुराड्याच्या चुलीवरील पुस्तिका १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. या चुलींबरोबर 'नळ' किंवा 'पाइप' हा शब्द धुराच्या संदर्भात खेड्यांत पोहोचला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस घरोघर गेला. तरी आंघोळीचे पाणी, भाकरी आणि मोठा स्वयंपाक यांसाठी पऱ्हाट्यांची चूल अनेक घरांत टिकून आहे. धुराड्याचा प्रश्न म्हणूनच इतिहासजमा झालेला नाही. घरातील धूर हे अकाली मृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा अधिक भार चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्याजवळची मुले यांच्यावर पडतो.

५. पुनर्बांधणीची रीत

प्रथम परीक्षा. दोरीला दिवा बांधून तो नळात वरून सोडावा व आतील सांधे पाहावेत. नंतर खाली ओल्या गवताचा धूर करून वरचे तोंड ओल्या गोणपाटाने झाकावे. भिंतीतून जेथे धूर पाझरेल तेथे भेग आहे असे समजावे. ही परीक्षा अल्पवेळ आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवूनच करावी.

भिंत सरळ व धड असेल तर केवळ अस्तर घालून भागते. ती कललेली असेल किंवा विटा भुगा होत असतील तर छतापर्यंत उतरवून पुन्हा बांधणे इष्ट. अस्तरासाठी भाजलेल्या मातीचे नळ किंवा गंजरोधक पोलादाचा नळ योग्य. साध्या जस्ती पत्र्याचा नळ आम्लाने लवकर खातो. मातीचे नळ एकावर एक बसविताना रुंद तोंड, म्हणजे सांध्याची वाटी, वरच्या बाजूस ठेवावी. त्यामुळे साकळलेला द्रव आतल्या आत उतरतो, सांध्यातून भिंतीत झिरपत नाही. नळ आणि भिंत यांतील जागा घट्ट सिमेंटने भरू नये, कारण तापलेल्या नळास वाढण्यास वाव हवा. धुराड्याच्या बाहेरील अंगापासून तुळई व कडीपाट निदान ५ सेंटिमीटर दूर असावेत. छतावर धुराडे निदान ९० सेंटिमीटर उंच न्यावे, आणि ३ मीटरच्या आतील छताच्या कोणत्याही भागाहून ते ६० सेंटिमीटर वर असावे. अन्यथा वारा धूर खाली लोटतो. तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाचा कप्पा ठेवावा. चुना-मातीच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा करावा.

दोन गोष्टी वर्ज्य होत. गॅसवरील विजेच्या यंत्राचा नळ चालू चुलीच्या धुराड्यात सोडू नये. पंख्याचा दाब धूर उलट घरात लोटू शकतो. तसेच जुन्या सुधारित चुलींना काही ठिकाणी ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ बसविले गेले होते. ते फोडू किंवा कापू नयेत, कारण त्यांचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास घातक ठरतात. ते ओले करून अखंड उतरवावेत.

६. परिभाषेचा प्रश्न

शब्द नसला म्हणजे विचारच करता येत नाही, असा पक्ष येथे मांडावयाचा नाही. भेग कोठे आहे हे जाणत्या गवंड्यास नावावाचूनही दिसते. परंतु काम ठरविताना, त्याची किंमत सांगताना आणि ते पुरे झाले की नाही हे तपासताना सामायिक शब्द लागतात. तेथे 'धुराडे नीट करून द्या' हे वाक्य अपुरे पडते.

सुदैवाने हे शब्द नव्याने घडविण्याचे प्रयोजन नाही. 'धुराडे' हे नाव संपूर्ण बांधकामास राहू द्यावे. आतील पोकळीस 'धूरनळ', दाबास 'ओढ', छतावरील झाकणास 'टोपी' हे शब्द सहज समजण्यासारखे आहेत. 'अस्तर' हा शब्द विशेष विचारणीय आहे. तो फारशीतून आला आणि कपड्याच्या आतील कापडास रूढ झाला. कापसाच्या प्रदेशात रजईचे अस्तर कोणास समजावून सांगावे लागत नाही. पाटबंधारे खात्याने कालव्यांच्या 'अस्तरीकरणा'त त्यास बांधकामाचा अर्थही दिला आहे. अडचण एवढीच की रंगाच्या पहिल्या हातासही 'अस्तर' म्हणतात. तेव्हा नुसते 'अस्तर घाला' म्हटल्यास कोणी आतून एक लेप देऊन मोकळा होईल. म्हणून 'सुटे अस्तर' आणि 'लेपाचे अस्तर' असा भेद करणे अवश्य आहे. कोटाचे अस्तर जसे बाहेरच्या कापडापासून वेगळे हलते, तसे धूरनळाचे अस्तर भिंतीपासून वेगळे असले पाहिजे, हा अर्थ 'सुटे' या एका विशेषणाने गवंड्यापर्यंत पोहोचतो.

परिभाषा कोशात स्थिर होते, पण ती जगते कामाच्या जागी. आपल्या विभागातील बोलीचे अभ्यासक गावोगावी शब्दसंकलनासाठी जातात, तेव्हा त्यांनी चुलीच्या अवयवांबरोबर धुराच्या वाटेच्या अवयवांचीही नावे विचारावीत, आणि ती गवंडी, कुंभार व चूल घालणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून वेगवेगळी विचारावीत. तिघांचे शब्द जेथे जुळतात तेथे परिभाषा तयारच आहे. जेथे ते जुळत नाहीत, तेथे काम कोठे अडते याचाही उलगडा होण्याचा संभव आहे.