थापा मारा, पेस्ट थापू नका!

माहीत आहे का? प्रोसेसरच्या कूलरला जे तांबं लागतं, त्याची देशातली सर्वात मोठी खाण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे! हिंदुस्तान कॉपरचा मलाजखंड प्रकल्प, 1982 साली राष्ट्राला अर्पण झालेला. खसवाला कूलर घरोघरी, छोट्या कूलरचं तांबं जमिनीखाली. डबल गारेगार!

आता बघा, इंटेलचा कोअर आय-9 14900के फुल जोशात आला की 253 वॅट खातो. साधारण तीन सिलिंग फॅनची वीज, आणि ती जाते पोस्टाच्या तिकिटाहूनही लहान चिपमध्ये!

मग या विजेची झालेली उष्णता ओढून घ्यायला प्रोसेसरवर तांबं थेट टेकवा की! इथेच तर गंमत आहे. आरशासारखे दिसणारे दोन्ही पृष्ठभाग बारीक खाचखळग्यांनी भरलेले असतात आणि त्यांत हवा दडून बसते. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा स्कोअर सुमारे 400, हवेचा 0.026! आणि मधे लावायच्या बऱ्यापैकी थर्मल पेस्टचा? पाच ते दहाच्या आसपास. हवेपुढे ती पैलवान, तांब्यापुढे लिंबूटिंबू. तिचं काम फक्त हवेला हाकलणं. थर जाड केलात की हीच मदतनीस वाटेत आडवी पडते.

किती लावायची? मधोमध वाटाण्याएवढा ठिपका. बालाघाटच्या जीआय टॅगवाल्या चिन्नोर तांदळाचा एक दाणा मात्र कमी पडेल हं! बोटाने पसरवत बसू नका, स्क्रू कसताना दाब पसरवतो. स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडेथोडे. आणि कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म? आधी काढा, मग हसा.

पांढऱ्या स्वस्त पेस्टमध्ये बहुधा झिंक ऑक्साइड असतं. कॅलामाइन लोशनमध्येही तेच! टूथपेस्टही लावून पाहिलीय हौशी मंडळींनी. सुरुवातीला चालते, मग वाळून खडखडीत.

पेस्टच्या जागी लावतात ते लिक्विड मेटल ऐकलंय? 2020 मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन 5 मध्ये तेच आहे. त्यातला मुख्य गडी गॅलियम सुमारे 30 अंशांवर वितळतो. बालाघाटच्या मे महिन्यात टेबलावर ठेवा, आपोआप पाणी पाणी! पण अ‍ॅल्युमिनियमचा तळ असेल तर लांबच ठेवा, हा त्याला पोखरून काढतो. शिवाय वीजवाहक, थेंब सांडला की शॉर्टसर्किट.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. आणि एएमडीच्या एएम4 सॉकेटवाल्यांनो, जुना कूलर सरळ वर ओढू नका! पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करा, बंद करा, कूलर हलकेच फिरवा, मग उचला. नाहीतर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. खरा उपटसुंभ!