मेहनत सुटली की खुराकही आवरा

माळेगावची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वर यात्रा, कुस्त्यांचा फड भरला की आपल्या वस्तीतली पोरे पुढच्या रांगेत बसलेली असतात. घरी आली की आरशासमोर दंड फुगवून बघतात. मग आईच्या मागे लकडा लागतो : जिमची फी भर, पावडरचा डबा आणून दे. शरीर कमवण्याची हौस वाईट नाही. पण पैलवानाचे शरीर कशाने घडते आणि कुस्ती सुटल्यावर त्याच शरीराचे काय होते, हे आधी समजून घेऊ.

रामलिंग मुदगडचा मल्ल

हरिश्चंद्र बिराजदार हे आपल्याच लातूर जिल्ह्यातले. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा, जन्म 1950 चा. कुस्ती शिकायला ते कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेले. 1969 साली लातूरलाच झालेल्या स्पर्धेत ते महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांच्या नावावर आहे. 1977 साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना हरवले. त्या कुस्तीची गोष्ट जुनी माणसे आजही रंगवून सांगतात.

स्वतःची कुस्ती थांबली तरी त्यांनी तालीम सोडली नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ‘मामा’ म्हणून त्यांनी पुढची पिढी घडवली. लातूर जिल्ह्यातलेच अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार आणि बीड जिल्ह्यातला राहुल आवारे हे त्यांचे शिष्य. 2006 साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. 2011 साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

खुराक कोणाला पचतो?

तालमीतला मल्ल पहाटे उठतो. जोर, बैठका, आखाड्याची माती उकरणे, मग जोडीदाराबरोबर लढती. संध्याकाळी पुन्हा तेच. दूध, तूप, बदाम, मटण हा खुराक या कष्टासाठी असतो. मेहनतीने स्नायूंवर ताण येतो, खाण्यातली प्रथिने त्यांची डागडुजी करतात आणि हे काम मुख्यतः विश्रांतीत व झोपेत होते. मेहनत, अन्न आणि झोप या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच शरीर बनते. नुसता खुराक वाढवला तर अंगावर चरबी चढते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जपानचे सुमो पैलवान. ते सकाळी उपाशीपोटी कसून सराव करतात, मग भाज्या, मासे आणि मांस घातलेला रस्सा भातासोबत भरपेट खातात आणि झोपतात. त्यांचे वजन दीडशे किलोच्या वर सहज जाते. तरी सराव चालू असताना त्यांची बरीचशी चरबी कातडीखाली राहते. यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी जास्त घातक. ती त्या मानाने कमी असते. सराव सुटला आणि खाणे तसेच राहिले की तीच चरबी पोटात साठू लागते. मग साखर, रक्तदाब आणि हृदयविकार मागे लागतात. हवाई बेटावर जन्मलेला अकेबोनो 1993 साली योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल झाला. हा मान मिळवणारा तो पहिला परदेशी. त्याचे वजन दोनशे किलोच्या वर होते. 2024 साली, 54 व्या वर्षी, हृदय निकामी होऊन तो गेला.

वजन म्हणजे ताकद नव्हे

राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते 57 किलो गटात. 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधवही छोट्याच वजनगटात लढले. तेव्हा पोराचे अंग किरकोळ आहे म्हणून त्याला हिणवू नका.

डबा आणि सुई

पावडरच्या डब्यात मुख्यतः प्रथिनेच असतात आणि ती घरच्या जेवणातूनही मिळतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम, शंभर ग्रॅम सुक्या हरभऱ्यात सुमारे 20 ग्रॅम. भाकरी, डाळ, भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे आणि दोन अंडी यांवर व्यायाम करणाऱ्या मुलाचा पाया पक्का होतो.

इंजेक्शनच्या वाटेला मात्र जाऊ देऊ नका. स्टेरॉइडने दंड लवकर फुगतात, पण यकृत आणि हृदय बिघडते, वीर्य कमी होते, स्वभाव चिडखोर बनतो. काही जिममध्ये मेफेंटरमाईन नावाचे औषध ‘ताकदीचे’ म्हणून टोचले जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब फार घसरला तर तो वाढवण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. धडधाकट पोराने ते टोचून घेतले तर रक्तदाब एकदम चढून जीवावर बेतू शकते.

घरात एवढे पाळू

• तालीम, जिम किंवा अंगमेहनतीचे काम सुटले की त्याच महिन्यापासून ताटातले तूप, साखर, भात आणि तळलेले कमी करावे. रोज अर्धा-पाऊण तास चालणे चालू ठेवावे.

• पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या पुढे गेली, तर ते धोक्याचे समजावे.

• तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाब 140/90 किंवा त्यापुढे, अथवा उपाशीपोटी साखर 126 किंवा त्यापुढे आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

• व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम कोंडला, तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

हमाली, बांधकाम, ऊसतोड करणाऱ्या आपल्या माणसांचे अंगही पैलवानासारखेच कष्टाने घडलेले असते. वय झाले, काम सुटले, तरी भूक जुन्या सवयीचीच राहते. म्हणून हा हिशेब जितका आखाड्यातल्या पोराचा, तितकाच घरी बसलेल्या आजोबांचाही आहे.