पाणी, खोली आणि रान

पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर धावावं लागतं. भिवंडीतली कितीतरी मुलं ते अंतर रोज पहाटे मोजून पळतात. यंत्रमागांची रात्रपाळी अजून सुटलेली नसते, खडखडाट चालूच असतो, आणि ही पोरं रस्त्याच्या कडेने धापा टाकत जात असतात. कुणाला खाकी हवी, कुणाला अग्निवीर व्हायचंय. त्यांतली काही सामान्यज्ञानाच्या तयारीला माझ्याकडे येतात. अभ्यास संपला की मोबाईलवरचे कमांडोंचे व्हिडिओ आणि तोच वाद: पॅरा एसएफ, मार्कोस, ब्लॅक कॅट, सी-६०. “सर, सगळ्यांत भारी कोण?”

मी विचारतो, “भारी कशाला?” मग त्यांना २६/११ ची रात्र सांगतो. हा प्रश्न त्या रात्री खरोखरच मुंबईसमोर उभा राहिला होता.

२६ नोव्हेंबर २००८ ला रात्री साडेनऊच्या सुमारास दहशतवाद्यांचा गोळीबार सुरू झाला. मुंबईत सैन्य होतं, नौदल होतं. मध्यरात्रीनंतर नौदलाचे मार्कोस ताज हॉटेलात शिरले. संख्येने थोडे, हॉटेलचा नकाशा हातात नाही, आत धूर आणि काळोख. त्यांच्यातले प्रवीण कुमार तेवतिया अंगावर गोळ्या झेलूनही लढत राहिले. पुढे त्यांना शौर्य चक्र मिळालं. मार्कोसनी त्या रात्री माणसं वाचवली. पण शेकडो खोल्यांची इमारत एकेक दार उघडून मोकळी करत जाणं हे त्यांचं रोजचं काम नव्हतं.

ते काम ज्यांचं, ते दिल्लीजवळ मानेसरला होते. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे एनएसजी, मुलांचे ब्लॅक कॅट. विमान चंदीगडहून दिल्लीला आणावं लागलं, तुकडी पहाटे मुंबईत उतरली आणि प्रत्यक्ष कारवाईला सकाळ उजाडली. मुंबईकरांच्या मनात त्या तासांचा सल आजही आहे आणि तो रास्त आहे. एनएसजीच्या शौर्यात काही कमी नव्हतं. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि नरिमन हाऊसमध्ये हवालदार गजेंद्र सिंग बिष्ट यांनी प्राण दिले, दोघांनाही मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. कमी पडलं ते अंतर. हत्यार योग्य होतं, पण चौदाशे किलोमीटर लांब ठेवलेलं होतं.

एनएसजीचा जन्मच अशा कामासाठी झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंची हत्या झाली आणि जर्मनीने जीएसजी-९ हे दल उभारलं. तोच नमुना समोर ठेवून १९८४ मध्ये आपल्याकडे हे दल आलं. त्याची दोन अंगं आहेत. प्रत्यक्ष हल्ला करणारा स्पेशल ॲक्शन ग्रुप लष्करातून काही वर्षांसाठी आलेल्या जवानांचा; त्यांतली ५१ क्रमांकाची तुकडी दहशतवाद्यांशी भिडते, ५२ क्रमांकाची अपहृत विमान सोडवते. दुसरं अंग स्पेशल रेंजर ग्रुप, त्यात निमलष्करी आणि पोलीस दलांतले लोक. पहिले तीन महिने शरीर आणि मन पिळून काढतात, बरेच जण तिथेच गळतात. त्यानंतरचा सराव बंद जागेचा. खोटी खोली, खोटे ओलीस, खरी गोळी. दार फुटल्यावर पहिल्या दोन सेकंदांत कोणावर बंदूक रोखायची आणि कोणावर नाही, हे ठरवायला शिकायचं. जोडीदाराच्या खांद्याजवळून गोळी जाते आणि त्याने हलायचं नसतं. या कामात ओलीस मेला तर जिंकूनही हरणं असतं.

मार्कोसची गोष्ट पाण्याची. १९८७ मध्ये हे दल उभं राहिलं, त्याचं एक ठाणं मुंबईतलं आयएनएस अभिमन्यू. नौदलातल्या इच्छुकांची आधी तीन दिवसांची शारीरिक परीक्षा होते आणि तिच्यातच मोठी गळती होते. मग पाणबुड्याचं शिक्षण, पाण्याखालची स्फोटकं, आग्र्याला पॅराशूट, रात्रीच्या समुद्रात उडी. हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर १६ मार्च २०२४ चा दिवस पाहावा. सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ जहाज आयएनएस कोलकाताने भर समुद्रात अडवून धरलं होतं. हवाई दलाच्या सी-१७ विमानाने मार्कोस आणि त्यांच्या होड्या थेट अरबी समुद्रात सोडल्या. सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले, आणि त्या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. ताजच्या जिन्यावर ज्यांना अंधारात चाचपडावं लागलं, तेच दल आपल्या पाण्यात किती सराईत आहे ते इथे दिसलं. हा प्रसंग सांगताना मला दरवेळी भरून येतं.

लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटमधल्या पॅरा एसएफचं काम या दोघांहून वेगळं: शत्रूच्या मुलखात खोल जायचं, दिवसेंदिवस न दिसता राहायचं, घाव घालून परतायचं. १९६५ च्या युद्धात मेजर मेघ सिंग यांच्या मेघदूत फोर्सने असे छापे घातले; त्यातून पुढे पहाडासाठी ९ आणि वाळवंटासाठी १० पॅरा कमांडो या पलटणी उभ्या राहिल्या. मराठी माणसाचं या रेजिमेंटशी नातं जुनं आहे. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलजवळ पुंगली पुलापाशी उतरलेली २ पॅरा मूळची मराठा पलटण. मराठा लाइट इन्फन्ट्रीची २१ वी पलटण १९९६ मध्ये २१ पॅरा एसएफ झाली. त्याच पलटणीत साताऱ्याच्या पोगरवाडीचे संतोष महाडिक घडले. पुढे कर्नल म्हणून ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या.

पॅरा एसएफ पलटणींतला परीक्षाकाळ महिनोन्‌महिन्यांचा. उपास, अपुरी झोप, पाठीवर ओझं, आणि त्या अवस्थेत नकाशा वाचायचा, जखमीची शुश्रूषा करायची, निर्णय घ्यायचा. एनएसजीचा जवान दोन सेकंदांसाठी घडवतात, पॅरा एसएफचा दोन आठवड्यांसाठी. एकाला क्षणात तुटून पडायला शिकवतात, दुसऱ्याला वाट पाहायला.

हवाई दलाचे गरुड २००४ चे. विमानतळ राखणं आणि शत्रुप्रदेशात पडलेल्या वैमानिकाला सोडवणं हे त्यांचं मूळ काम.

माझ्या लेखी सगळ्यांत शिकण्यासारखं दल मात्र लष्कराचं नाही, गडचिरोलीचं आहे. डिसेंबर १९९० मध्ये तिथले तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० जणांचं पथक उभारलं, म्हणून नाव सी-६०. मुलं जिल्ह्यातलीच घेतली. गोंडी-माडिया त्यांच्या घरात बोलली जाते, कोणता नाला कोणत्या महिन्यात ओलांडता येतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पुढे दल कितीतरी वाढलं, पण प्रत्येक पार्टी आजही तिच्या म्होरक्याच्या नावाने ओळखली जाते. मानेसरचं, हजारीबागचं, कांकेरच्या जंगलयुद्धाच्या शाळेचं शिक्षण त्यांना मिळतं. पावलाखालचं रान ओळखायला मात्र ते आधीच शिकलेले असतात. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला त्यांनी नक्षलवाद्यांचं कंबरडं मोडलं. आणि १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याला भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेले. ते गाडीतून निघाले होते. रानात पायी चालायचं हा धडा सुटला, आणि त्याची इतकी मोठी किंमत मोजावी लागली.

२६/११ नंतर धडे घेतले गेले, हेही सांगायला हवं. २००९ मध्ये एनएसजीची केंद्रं मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने पोलिसांतूनच निवडून फोर्स वन उभं केलं, आलेल्या हजारो अर्जांतून पहिले दोनशेच्या वर जवान घेतले. शिक्षण एनएसजीच्या धर्तीचं, ठिकाण गोरेगाव. म्हणजे योग्य हत्यार अखेर घरात आलं.

भिवंडीचा माणूस म्हणून इथे एक वेगळी आठवण सांगतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव जाळलं. १९८८ मध्ये इथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. हवालदाराने गल्लीत बसायचं, दोन्ही समाजांच्या माणसांशी रोज बोलायचं, नळाचं आणि गटाराचं भांडणही ऐकायचं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेही शिक्षणच होतं, चहाच्या टपरीवरचं, आणि त्याने वाचवलेल्या जिवांची मोजदाद कोणत्याही पदकात होत नाही.

मुलांना मी अंजूरफाट्याचंही सांगतो. तिथल्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या किती जणांना ठाऊक असतं, की ज्या अंजूरवरून हे नाव पडलं तिथे गंगाजी नाईक अंजूरकर होऊन गेले? तेव्हा खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. गंगाजी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांपुढे मोहिमेचा आग्रह धरला, पलीकडच्या गावांत माणसं जोडली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा तिथला कोट अजून बांधून पुरा झालेला नव्हता. खाडी कशी ओलांडायची आणि पलीकडे आपलं कोण, हे सांगायला स्थानिक माणसं होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. गडचिरोलीच्या पोराला नाल्याची जाण, अंजूरच्या नाईकांना खाडीची.

हे ऐकल्यावर परवा खाडीकाठच्या गावातला एक मुलगा मागे थांबला. १६०० मीटरला तो नेहमी शेवटच्या काहींत असतो. म्हणाला, “सर, मला पळायला नाही जमत तेवढं. पण मी खाडी पोहून पलीकडे जातो. आजोबांनी शिकवलंय.” मार्कोससाठी आधी नौदलात भरती व्हावं लागतं आणि पळणं तिथेही चुकत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. नौदलाच्या अग्निवीर भरतीची माहिती मी त्याच्या वहीत लिहून दिली. त्याने ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळली आणि काल्हेरच्या दिशेने सायकल हाणली.